मला उमजलेला ब्राम्स: १९६२ सालचा एक वाद

गड-किल्ले, तहनामे आणि वंशावळी यांतून थोडे बाहेर पडून आज एका मैफलीत जाऊ. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

६ एप्रिल १९६२, शुक्रवार. न्यू यॉर्कचा कार्नेगी हॉल. न्यू यॉर्क फिलहार्मनिक या वाद्यवृंदाने पूर्वार्धात डेन्मार्कच्या कार्ल नील्सनच्या रचना वाजवल्या होत्या. उत्तरार्धात योहानेस ब्राम्सचा डी मायनरमधला पहिला पियानो कॉन्चेर्टो व्हायचा होता. पियानोवर ग्लेन गूल्ड, कॅनडाचा, वय २९. संचालक लेनर्ड बर्नस्टाइन. प्रघात असा की वादक आणि संचालक बरोबरच मंचावर येतात. त्या दिवशी बर्नस्टाइन एकटाच आला आणि श्रोत्यांकडे वळून बोलू लागला.

गूल्ड ऐन वेळी मैफली रद्द करण्याबद्दल प्रसिद्ध होता. म्हणून आधी त्याने, घाबरू नका, गूल्ड आलेला आहे, अशा अर्थाचे काही सांगून लोकांना हसवले. मग तो मुद्द्यावर आला. आता तुम्ही जे ऐकणार आहात ते रूढ पद्धतीचे नाही. लय मी कधी कल्पिली नव्हती इतकी संथ आहे, आणि ब्राम्सने लिहिलेल्या लहानमोठ्या आवाजाच्या खुणाही अनेक ठिकाणी पाळलेल्या नाहीत. गूल्डच्या या कल्पनेशी मी पूर्णपणे सहमत आहे असे मला म्हणवत नाही. मग मी संचालन का करतो आहे? त्याचे उत्तरही त्याने दिले. गूल्ड हा इतका गंभीर कलावंत आहे की त्याने मनापासून मांडलेली कोणतीही गोष्ट ऐकून घ्यावीच लागते. शिवाय हजारदा वाजलेल्या या रचनेकडे कुणीतरी नव्या नजरेने पाहतो आहे, याचे मला कुतूहल आहे. बोलता बोलता त्याने एक प्रश्नही टाकला: कॉन्चेर्टोमध्ये मालक कोण, वादक की संचालक?

हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये. आमच्या खारीत भजनाला बसलेला एखादा तरुण बुवा जुन्या अभंगाची चाल जरा संथ घेतो, तेव्हा पखवाजवाल्याच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न उमटतो. झीलकरी एकमेकांकडे पाहतात. भजन संपल्यावर चहाच्या वेळी वाद सुरू होतो आणि त्यात नेहमी एक वाक्य येते: "ही चाल अशी नाहीच." हे वाक्य लक्षात ठेवा. कार्नेगी हॉलमधून बाहेर पडलेले श्रोतेही दुसरे काही म्हणत नव्हते.

कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, बहुधा तीन भागांची रचना. एकोणिसाव्या शतकात तिला द्वंद्वाचे रूप आले. एकीकडे शंभराच्या घरातले वादक, दुसरीकडे एकटा वीर. श्रोत्यांना तो सामना पाहायला आवडे, आणि जिंकायचे वीरानेच, हेही ठरलेले असे.

आता गूल्डने नेमके काय केले? ब्राम्सच्या या रचनेचा पहिला भाग सहा मात्रांच्या आवर्तनात लिहिला आहे. संचालक साधारणपणे त्या सहा मात्रांचे दोन गट करून दोनच ठोके दाखवतात, त्यामुळे संगीत वेगाने पुढे सरकते. गूल्डची लय इतकी संथ होती की बर्नस्टाइनला सहाही मात्रा वेगवेगळ्या दाखवाव्या लागल्या. ज्यांनी विलंबित एकताल ऐकला आहे त्यांना हे चटकन कळेल. मात्रा बाराच, पण लय इतकी ताणलेली की प्रत्येक मात्रेच्या पोटात आणखी चार मोजाव्या लागतात. नाहीतर सम हातातून निसटते. गूल्डचे म्हणणे असे की दुसरा, संथ भागही सहाच मात्रांचा आहे, तेव्हा दोन्ही भागांची लय एका सूत्रात बांधावी. वादक आणि वाद्यवृंद यांच्यातली झुंज त्याला मुळात नकोच होती. पियानोने वृंदात मिसळून जावे, विरोध कमी व्हावा, सबंध रचना एका श्वासात उभी राहावी, असा त्याचा हट्ट. पूर्ण वादनाला सुमारे ५३ मिनिटे लागली. मी हे ध्वनिमुद्रण अनेकदा लोकलमध्ये ऐकले आहे. भाईंदरला सुरू करावे, चर्चगेट यायच्या थोडे आधी संपते.

दुसऱ्या दिवशी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये हॅरल्ड शोनबर्ग या वजनदार समीक्षकाचा लेख आला. दिवंगत पियानोवादक ओसिप गाब्रिलोविच याला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा घाट त्याने घेतला होता. लेख विनोदी होता आणि बोचराही. गूल्ड इतके संथ वाजवतो याचे कारण कदाचित त्याचे तंत्रच तेवढे पक्के नसावे, असे त्याने सुचवले. १९५५ साली बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचे जे ध्वनिमुद्रण गूल्डने केले, त्यातला वेग ज्याने एकदा ऐकला आहे त्याला हा टोमणा किती पोकळ होता हे सांगावे लागणार नाही. पण वादात सापडलेल्या तरुणाला "तुला येतच नाही" असे म्हणणे सर्वांत सोपे असते, आणि समीक्षकही सोप्या मार्गाने जातात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे खरा रस वाटतो तो वेगळ्याच गोष्टीत. "हा ब्राम्स नव्हेच" असे म्हणणाऱ्यांजवळ पुरावा काय होता?

छापील स्वरलेखनात पहिल्या भागाच्या माथ्यावर 'मायेस्तोझो' एवढा एकच शब्द आहे. अर्थ: भारदस्तपणे. मेट्रोनोमचा आकडा नाही. ब्राम्स ३ एप्रिल १८९७ रोजी वारला. त्याच्या हातचे ध्वनिमुद्रण आहे, पण ते १८८९ साली व्हिएन्नात एडिसनच्या यंत्राच्या मेणाच्या नळकांड्यावर घेतलेले एका हंगेरियन नृत्याचे लहानसे तुकडे. त्यात संगीतापेक्षा खरखर जास्त. या कॉन्चेर्टोच्या तबकड्या येऊ लागल्या त्या १९३०च्या दशकात. आर्तुर श्नाबेल आणि जॉर्ज सेल यांची १९३८ सालची त्यांतली एक. म्हणजे १९६२च्या श्रोत्यांच्या कानात जो 'खरा ब्राम्स' होता, तो फार तर तीस वर्षांच्या तबकड्यांनी आणि थोर वादकांच्या मैफलींनी घडवलेला. सवय हीच त्यांची मूळ प्रत होती.

आता आणखी १०३ वर्षे मागे जाऊ, कारण या रचनेवरचा पहिला वाद तिच्या जन्माबरोबरच झाला.

ऑक्टोबर १८५३ मध्ये रोबेर्ट शूमानने वीस वर्षांच्या, कुणाला ठाऊक नसलेल्या ब्राम्सबद्दल एक लेख लिहून त्याला जर्मन संगीताचा उद्याचा नायक ठरवले. चार महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८५४ रोजी, मानसिक आजाराने पोखरलेल्या शूमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवण्यात आले, पण उरलेली जवळजवळ अडीच वर्षे त्याने रुग्णालयात काढली आणि तिथेच त्याचा अंत झाला. याच काळात ब्राम्स एका रचनेशी झटत होता. आधी ती दोन पियानोंसाठी होती, मग तिची सिंफनी करण्याचा प्रयत्न झाला, शेवटी कॉन्चेर्टो झाला. तिच्या आरंभी वाद्यवृंद जो गडगडाट करतो, त्यात अनेकांनी त्या उडीचा हादरा ऐकला आहे. दुसऱ्या भागाबद्दल खुद्द ब्राम्सने शूमानच्या पत्नीला, थोर पियानोवादक क्लाराला, कळवले होते की हे तुमचेच सौम्य चित्र आहे.

पहिला प्रयोग २२ जानेवारी १८५९ रोजी हानोव्हरला झाला. पियानोवर स्वतः ब्राम्स, संचालनाला त्याचा जिवलग मित्र, व्हायोलिनवादक योझेफ योआखिम. तिथे आदराने ऐकून घेतले गेले. पाचच दिवसांनी लाइप्झिगच्या गेवांडहाउसमध्ये दुसरा प्रयोग. हे मेंडेल्सझोनच्या परंपरेतले शहर, इथले श्रोते स्वतःला संगीताचे न्यायाधीश समजत. रचना संपली, दोन-चार हात टाळीसाठी हलले आणि चहूकडून शीळवजा फूत्कार सुरू झाला. ब्राम्सने योआखिमला पत्रातून ही हकीकत कळवली, ती थट्टेच्या सुरात. माझा कॉन्चेर्टो झळाळत्या आणि निर्विवाद रीतीने पडला, असा त्याचा सूर. पुढे, अजून मी चाचपडतो आहे आणि माझा मार्ग शोधतो आहे, असेही त्याने लिहिले. पंचवीस वर्षांच्या माणसाचे हे पत्र आहे. ते वाचताना थट्टेखालची जखम लपत नाही.

लाइप्झिगकरांची तक्रार काय होती? पियानोला चमकायला जागाच नाही! नव्वद आवर्तने वाद्यवृंद एकटाच वाजतो, मग पियानो येतो तोही हळुवारपणे, जणू दार न वाजवता. ही पियानोची साथ असलेली सिंफनी आहे, हा कॉन्चेर्टो नव्हे. वीर कुठे आहे? सामना कुठे आहे?

न्यू यॉर्कची तक्रार आता पुन्हा आठवा. गूल्डने झुंज काढून टाकली, पियानोला वृंदात मिसळून टाकले, वीराचा वीरपणा घालवला. १८५९ मध्ये जे ब्राम्सचे पाप होते, तेच १९६२ मध्ये ब्राम्सविरुद्धचे पाप ठरले. मधल्या शंभर वर्षांत पल्लेदार हातांच्या वादकांनी ही रचना गर्जत, झेपावत वाजवून तिला वीररसाचा बाज दिला. लोकांना तो आवडला, मुरला, आणि शेवटी तोच ब्राम्सचा मूळ हेतू मानला जाऊ लागला. परंपरा कशी घडते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माझ्या अभ्यासक्रमात क्वचितच भेटले.

याचा अर्थ गूल्ड बरोबर होता असा काढू नका. त्या मुद्द्याकडे येतेच आहे, पण आधी आपल्या घरची एक गोष्ट.

साठच्याच दशकात कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यपदे घेऊन एक कार्यक्रम बांधला आणि त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नावातला 'मला' फार मोलाचा आहे. नारायणरावांची पदे महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांच्या कानात त्यांच्याच गळ्याने कोरलेली होती. त्यांतली हरकत अन् हरकत लोकांना पाठ. अशी पदे स्वतःच्या विचाराने मांडायची म्हणजे घरच्या देव्हाऱ्यातली मूर्ती हलवण्यासारखे. रसिकांत दोन तट पडणे अटळ होते. त्यातही गंमत पाहा. हेच कुमार अकरा-बारा वर्षांचे असताना, १९३६ साली, मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत गायले आणि शहर वेडे झाले, ते थोर गवयांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारा अद्भुत मुलगा म्हणून. पुढे देवधर मास्तरांकडची तालीम, १९४८ साली देवासला जाणे, क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळणे, आणि त्यातून उठल्यावर नक्कल पूर्णपणे टाकून दिलेले, लहान लहान श्वासांचे, मध्येच शांत होणारे गाणे. ज्याला सर्वांची प्रत काढता येत होती त्यानेच प्रत काढायला नकार दिला होता. म्हणून "याला येतच नाही" हा टोमणा निदान त्यांच्या बाबतीत कुणाला मारता आला नसता.

कुमारांच्या श्रोत्यांजवळ एक गोष्ट होती जी न्यू यॉर्कच्या श्रोत्यांजवळ नव्हती: मूळ आवाज. बालगंधर्वांच्या तबकड्या उपलब्ध होत्या. ताडून पाहता येत होते. ब्राम्सच्या बाबतीत ताडायला काहीच नव्हते, तरी खात्री मात्र तेवढीच. शिवाय आपल्याकडे पद कानातून कानात जाते; त्यात बदल होणारच, हे आपण निदान तत्त्वतः मान्य करतो. तिकडे कागदावर स्वर लिहिलेले असतात, त्यामुळे ते स्थिर आहेत असा भास होतो. वास्तविक कागदावर लय नसतेच. असतो तो एक शब्द, मायेस्तोझो, आणि तो उमजून घ्यावा लागतो.

आता मुंबई. कार्नेगी हॉलमध्ये हा प्रसंग घडला तेव्हा २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मलेला एक पारशी तरुण माँट्रियलच्या वाद्यवृंदाचा संचालक होता. झुबिन मेहता. त्याचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा पाश्चात्त्य वाद्यसंगीत या शहरात मूठभर पारशी, गोवेकर आणि युरोपीय कुटुंबांच्या जिवावर तगून होते. झुबिन वैद्यकीय शिक्षणाचा नाद सोडून १९५४ साली व्हिएन्नाला गेला. १९७८ मध्ये तो त्याच न्यू यॉर्क फिलहार्मनिकचा प्रमुख झाला, जिथे एकेकाळी बर्नस्टाइन होता, आणि १९८४ मध्ये त्या वृंदाला घेऊन मुंबईलाही आला. पण आपल्या कथेसाठी महत्त्वाचे वर्ष १९७६. त्या वर्षी मेहताने इस्राएल फिलहार्मनिकसह हाच ब्राम्सचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. पियानोवर आर्थर रुबिनस्टाइन. वय ८९, दृष्टी जवळजवळ गेलेली.

रुबिनस्टाइन पोलंडमधून लहानपणी बर्लिनला शिकायला गेला, तेव्हा त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कुणी उचलली? योझेफ योआखिमने. म्हणजे १८५९ साली हानोव्हरला ज्याने हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा संचालित केला, त्यानेच घडवलेला मुलगा ११७ वर्षांनी एका मुंबईकराच्या हाताखाली तो वाजवत होता. गुरुपरंपरेची भाषा आपल्याकडे जपून वापरावी लागते, पण इथे ती वापरायला हरकत नसावी. आणि रुबिनस्टाइनचे वादन गूल्डसारखे मुळीच नाही. त्यात ऊब आहे, मोकळेपणा आहे, वाक्ये गायल्यासारखी वळतात. मग प्रश्न संपला का? हाच खरा ब्राम्स? तसे म्हणता येत नाही. योआखिमने आपल्या शिष्याच्या कानात काय घातले आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या मैफलींनी त्यात काय मिसळले, हे वेगळे काढण्याची सोय नाही. इतिहासात अखंड साखळी दिसली की आपण तिच्या पहिल्या कडीचे वजन शेवटच्या कडीला देतो. बखरी वाचताना जी काळजी घ्यावी लागते तीच इथेही.

खुद्द १९६२च्या प्रसंगाचीही एव्हाना बखर झाली आहे. बर्नस्टाइनने गूल्डचा जाहीर अपमान केला, गूल्ड दुखावला आणि त्यामुळेच त्याने मैफली सोडल्या, अशी कथा सांगितली जाते. ध्वनिमुद्रण ऐका. अनेक वर्षे ते चोरून फिरत राहिले, १९९८ मध्ये अधिकृतपणे निघाले, आणि त्यात ते भाषणही आहे. सूर थट्टेचा आणि आदराचा आहे. आपले टिपण आपण आधी गूल्डला दाखवले होते, असे बर्नस्टाइनने नंतर लिहिले. शेवटी टाळ्याही भरघोस आहेत. गूल्डने मैफली थांबवल्या हे खरे, पण एप्रिल १९६४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. मैफल ही त्याला फार आधीपासून खेळाच्या मैदानासारखी, क्रूर वाटत होती. 'नंतर' झाले म्हणून 'त्यामुळे' झाले, ही चूक आपण लढायांच्या कारणमीमांसेतही करतोच.

तरीही भाषण करायला नको होते असे माझे मत आहे. हेतू कितीही चांगला असो, बर्नस्टाइनने श्रोत्यांच्या डोळ्यांवर आधीच चष्मा चढवला. त्यानंतर कुणालाही ते वादन पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकता येणे शक्य नव्हते. जो तो संथपणा मोजत बसला. आणि संथपणाबद्दलच बोलायचे तर गंमत पुढेच आहे. १९८०च्या दशकात बर्नस्टाइनने क्रिस्टियान झिमरमान या तरुण पोलिश पियानोवादकाबरोबर व्हिएन्ना फिलहार्मनिकसह हाच कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला. त्यालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. त्या वेळी कुणी भाषण केले नाही, आणि वादही झाला नाही.

गूल्डच्या वादनाबद्दल माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिला भाग मधल्या मजल्यावर रेंगाळतो. एके ठिकाणी पियानोचे सप्तक-सप्तकांचे जोरकस उड्डाण यायला हवे, तिथे गूल्ड मुद्दाम पाऊल आखडता घेतो आणि हाती काही लागत नाही. पण पियानोचा पहिला प्रवेश, वाद्यवृंदाचे वादळ शमल्यावर येणारा तो हळुवार, थोडासा अवघडलेला सूर, इतका एकाकी मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. दुसऱ्या भागात तर लय आणि आशय यांच्यात फटच राहत नाही. तिथे बर्नस्टाइनही भांडण विसरलेला वाटतो.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी आधी १९७६चा रुबिनस्टाइन–मेहता ऐकावा, मग १९६२चा गूल्ड, आणि गूल्ड ऐकताना भाषण वगळून थेट वाद्यवृंदाच्या त्या पहिल्या गडगडाटापासून सुरुवात करावी. पहिला भाग दोन ठोक्यांनी मोजून पाहावा, जमला नाही तर सहांनी. आपापले मत खाली जरूर लिहा. "ही चाल अशी नाहीच" असे लिहिणाऱ्यांनी ती कशी आहे हे आपल्याला कुठून कळले, तेवढे मात्र सोबत सांगावे.